मराठवाड्यातील जुन्या जर्मन सेडान गाड्या

मराठवाड्यातील जुन्या जर्मन सेडान गाड्या म्हणजे मर्सिडीज-बेंझ, बी.एम.डब्ल्यू. आणि ऑडी या जर्मन कंपन्यांच्या, साधारणतः दहा ते तीस वर्षे वयाच्या आणि या विभागात अद्याप वापरात असलेल्या गाड्या होत. त्यांची खरेदी स्वस्त व देखभाल महाग असते. गाडीचे बाजारमूल्य वयानुसार घसरते. सुट्या भागांची किंमत मात्र ती गाडी नवी असताना ज्या श्रेणीची होती, त्या श्रेणीनुसारच राहते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावी (वाहन नोंदणी क्रमांक एमएच-४४) अशी गाडी बाळगणाऱ्याला या विषमतेत अंतराचीही भर सोसावी लागते.

पार्श्वभूमी

भारतात जर्मन आलिशान मोटारींची जुळणी महाराष्ट्रातच सुरू झाली. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ साली स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्याजवळील पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात 'डब्ल्यू-१२४' या मालिकेतील गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे २००९ मध्ये कंपनीने चाकण येथे स्वतःचा कारखाना उभारला. ऑडीच्या गाड्यांची जुळणी २००७ पासून तत्कालीन औरंगाबादजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, स्कोडाच्या कारखान्यात होऊ लागली. त्याच वर्षी बी.एम.डब्ल्यू.ने चेन्नईजवळ कारखाना सुरू केला.

मराठवाड्यापुरती निर्णायक घटना २०१० च्या ऑक्टोबरात घडली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्यांची सामूहिक खरेदी केली. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यासाठी भारतीय स्टेट बँकेने कर्ज दिले. दुष्काळ व मागासलेपण यांच्याच बातम्यांतून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाकडे या खरेदीमुळे देशाचे लक्ष वेधले गेले. त्या वर्षी नोंदलेल्या गाड्यांची पंधरा वर्षे २०२५ मध्ये पूर्ण झाली.

यांत्रिक देखभाल

पिढीगणिक या गाड्यांचा स्वभाव बदलत गेला आहे. 'डब्ल्यू-१२४'चे अडीच लिटरचे पाच सिलिंडरचे डिझेल इंजिन यांत्रिक इंधनपंपावर चालते; संगणकाची जोड नसल्याने अनुभवी डिझेल मिस्तरी ते तालुक्याच्या गावीही दुरुस्त करू शकतो. २००० नंतरच्या गाड्यांना मात्र स्कॅनरशिवाय हात लावणे व्यर्थ ठरते. त्यातही सर्वसाधारण स्कॅनर पुरत नाही, त्या कंपनीच्या प्रणालीशी बोलणारा लागतो.

२०१० च्या सुमारास विकल्या गेलेल्या मर्सिडीज सी-क्लासच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात टाइमिंग चेन ताणली जाण्याचा दोष सर्वज्ञात आहे. सकाळी इंजिन सुरू करताना काही क्षण होणारा खडखडाट हे त्याचे पहिले लक्षण होय. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास चेन सुटून व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपर्यंत जातो. बी.एम.डब्ल्यू.च्या याच काळातील दोन लिटर डिझेल इंजिनात ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली असल्याने ती बदलण्यासाठी इंजिनच उतरवावे लागते. जुनी गाडी घेताना थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करून घ्यावे असा जो सल्ला जाणकार देतात, त्याचे कारण हेच. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर तो आवाज ऐकू येत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल 'आयुष्यभर' टिकते असे काही कंपन्यांनी सांगितले. परंतु बी.एम.डब्ल्यू.ला गिअरबॉक्स पुरवणारी झेड.एफ. ही जर्मन कंपनी स्वतः ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदलावे असे सुचवते. येथे आयुष्य कोणाचे, तेलाचे की गिअरबॉक्सचे, हा प्रश्न मालकाने विचारलेला बरा.

हवामान, पाणी व रस्ते

कोरडे हवामान ही मराठवाड्याची जमेची बाजू आहे. कोकणात वा मुंबईत जसा गंज पत्रा खातो, तसा तो येथे खात नाही. पण उन्हाळ्यात चाळिशीपार जाणारे तापमान रबर व प्लॅस्टिक यांना मारक ठरते. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी, पाण्याच्या नळ्या, दारांची रबरे आणि सस्पेंशनचे बुश प्रथम कडक होतात व मग तडकतात. बी.एम.डब्ल्यू.च्या या काळातील अनेक सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांत पाण्याचा पंप विजेवर चालतो. तो पूर्वसूचना न देता बंद पडतो.

बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये घालणे ही ग्रामीण भागातील सार्वत्रिक सवय आहे. ॲल्युमिनियमच्या इंजिनात त्यामुळे क्षारांचे थर साचतात व गंजाची क्रिया सुरू होते. ऊर्ध्वपातित पाणी आणि कंपनीने नेमून दिलेले कूलंट यांचेच मिश्रण वापरणे आवश्यक असते.

बी.एम.डब्ल्यू.च्या पुष्कळ गाड्यांत हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात व स्टेपनी नसते. बालाघाटातील रस्त्यांवर, रात्रीच्या वेळी, पुढचे टायरचे दुकान कित्येक कोस दूर असताना या सोयीचा उपयोग मर्यादित आहे. म्हणून अनेक मालक साधे टायर बसवून डिकीत स्टेपनी ठेवतात. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खचलेले रस्ते आणि उंच गतिरोधक यांमुळे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी फुटण्याचा धोका असतो. लोखंडी संरक्षक पत्रा बसवून तो कमी करता येतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचे वायरिंग उंदीर कुरतडतात. त्यावर गाडी फिरती ठेवण्याइतका खात्रीचा उपाय नाही.

छत उघडणाऱ्या गाड्या या भागात क्वचितच आढळतात. त्यांच्या छताच्या पन्हळी धूळ व पाचोळ्याने तुंबल्या, की पहिल्याच पावसात पाणी आतील विद्युतयंत्रणेत उतरते.

सुटे भाग

अधिकृत सेवा केंद्रासाठी अंबाजोगाईहून मोठे शहर गाठावे लागते. तेथे भाग मूळ किमतीत मिळतात. याच भागांचे मूळ पुरवठादार, उदाहरणार्थ बॉश, मान, माले किंवा लेमफर्डर, तोच दर्जा स्वतःच्या नावाच्या डब्यात कमी दराने विकतात. वापरलेल्या भागांसाठी मुंबईतील कुर्ल्याचा बाजार प्रसिद्ध आहे. काच, दरवाजे, दिवे अशा वस्तू तेथून घेण्यास हरकत नसते. ब्रेक व स्टिअरिंगचे भाग मात्र जुने घेऊ नयेत.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आयात केलेल्या मोटारीसाठी ते ४०,००० रुपये ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ही रक्कम अनुक्रमे १०,००० व ८०,००० करण्यात आली. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण करही भरावा लागतो.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील जर्मन गाड्या अत्यल्प किमतीत अन्य राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेणाऱ्यास ना-हरकत प्रमाणपत्र मिळवून महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. तो हिशेबात न धरल्याने स्वस्त वाटलेली गाडी महाग पडते.

पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून स्वतंत्र 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद आहे. पिंपरीत बनलेल्या पहिल्या 'डब्ल्यू-१२४' गाड्या त्या वयाला २०४५ मध्ये पोहोचतील.