तलाठ्याचे दप्तर आणि पडद्यावरचा उतारा

'उतारा' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ. बाधा झाली की तिठ्यावर ठेवतात तो एक. दुसरा तलाठ्याच्या दप्तरातून उतरवून घ्यायचा, जमिनीच्या नोंदीचा. या दुसऱ्यासाठीच जास्त नवस बोलावे लागत, हे ज्यांचे आजोळ माझ्यासारखे खानापूर तालुक्यात आहे त्यांना सांगायला नको.

अनमोड घाट चढून लोंढ्यावरून आजोळी पोचलो की मे महिन्याच्या सुटीत एकदा तरी मामांबरोबर तलाठ्याच्या शोधात हिंडणे व्हायचे. शोधात अशासाठी, की तलाठ्याकडे तीन-चार गावे आणि दप्तर त्याच्या पाठोपाठ फिरणारे. सोसायटीचे कर्ज उताऱ्यावाचून मिळत नाही, आणि पाऊस तलाठ्यासाठी थांबत नाही. भेटला तर चहा, आणि चहाबरोबर मामांच्या सदऱ्याच्या खिशातून काहीतरी निघायचे. त्या माणसाचे नाव घेण्यात अर्थ नाही. पद्धतच तशी होती.

हे दप्तर आले कुठून? गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्या धर्तीची जमीनमोजणी सुरू केली. पुढे १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. गावनमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकाचा. दोन्ही मिळून सातबारा. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबईकडेच होता, म्हणून ही व्यवस्था तिथेही रुजली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, कागद मात्र तोच राहिला. गंमत अशी, की त्या भागातला कन्नड शेतकरीही त्याला 'उतार'च म्हणतो. शब्दांना हद्दीचे दगड दिसत नाहीत.

मग आले 'भूमी'. नव्या शतकाच्या सुरुवातीला, एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना, कर्नाटकाने सुमारे दोन कोटी उतारे संगणकात भरले. खातेदार ६७ लाख, तालुके १७७. गावोगावच्या नऊ हजारांच्या आसपास तलाठ्यांकडे जे दप्तर होते ते तालुक्याच्या कचेरीतल्या खिडकीत आले आणि हाताने लिहिलेला उतारा बाद झाला. पंधरा रुपये द्या, कागद घ्या. पूर्वी त्याच कागदाला तीन दिवसांपासून महिनाभर काहीही लागे. नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्याला यंत्रावर बोट टेकवावे लागे, म्हणजे नंतर 'मी नव्हेच' म्हणायची सोय उरली नाही. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने काढायचे. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की खिडकीत दोन पडदे ठेवले. एक कारकुनाकडे, दुसरा शेतकऱ्याकडे तोंड करून. आपल्या जमिनीचे काय चालले आहे ते त्याला डोळ्यांनी दिसावे म्हणून! सरकारी कचेरीत असा विचार कुणाला तरी सुचला, याचे मला आजही अप्रूप वाटते. २००६ च्या सुमारास 'नेम्मदी' केंद्रे निघाली (कन्नडमध्ये नेम्मदी म्हणजे मनाची स्वस्थता), आणि हळूहळू उतारा घरबसल्या इंटरनेटवर दिसू लागला.

सगळेच गोड झाले असे नाही. सोलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की निर्णय गावातून तालुक्याला गेला तेव्हा लाचेनेही तोच रस्ता धरला, आणि एकगठ्ठा मिळालेल्या माहितीचा लाभ बंगळूरभोवती जमीन घेणाऱ्या बड्यांना जास्त झाला. तरी साध्या उताऱ्यापुरता मामांचा खिसा वाचला, हे खरे.

पहिला छापील उतारा मिळाला तेव्हा मामा खूश होते.
"अरे, पंधरा मिनिटांत हातात! चहासुद्धा नाही पाजावा लागला."
"सगळं बरोबर आहे ना, मामा? तपासलंत?"
"पडदा माझ्याकडेच तोंड करून होता रे. चष्मा लावून बघत होतो. सगळं कन्नड. काय तपासणार?"

आजोबांच्या नावातले एक अक्षर चुकले होते. ते दोन वर्षांनी कर्ज मागायला गेल्यावर कळले, आणि दुरुस्तीला पेरणीचा हंगाम गेला.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मोर्चांत सीमाप्रश्नाच्या जोडीने उतारे मराठीत द्या ही मागणी असते, ती बाहेरच्यांना किरकोळ वाटते. पण अल्पसंख्य भाषिक पंधरा-वीस टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, हे केंद्राने १९५६ मध्येच सुचवले होते. आणि यंत्राची अडचण म्हणाल तर तीही नव्हती. १९९१ ला भारतीय लिप्यांसाठी जो प्रमाण संकेत ठरला, त्यात कन्नडचा क आणि देवनागरीचा क एकाच घरात बसवलेले आहेत. लिपी बदलली की तेच नाव दुसऱ्या अक्षरांत उमटते. भाषांतर होत नाही, कबूल. पण आजोबांचे नाव तरी मामांनी वाचले असते.

आपण गोवेकरांनी यावर फार बोलू नये. आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यातल्या नोंदी इंग्रजीत आहेत. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराची सोय राहिली, आणि कुळाच्या रकान्यातले नाव अजून रोमन लिपीतच शोधावे लागते. पेडण्याच्या म्हाताऱ्या कुळाची आणि माझ्या मामांची गत एकच.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. नातू कन्नड शिकला आहे, मोबाईलवर उतारा काढून वाचून दाखवतो. मामा त्याला प्रत्येक नाव दोनदा उच्चारायला लावतात आणि छापील कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने देवनागरीत उतरवून घेतात. फडताळात अशा कागदांची एक पिशवी आहे. तिला ते दप्तरच म्हणतात.