बायजाबाईंना न मिळालेली दाद

आम्हा ग्वाल्हेरच्या लष्करकर मराठी घरांत बायजाबाई शिंद्यांचं नाव अजून आदराने घेतलं जातं. १८२७ साली त्यांचे पती, ग्वाल्हेरचे राजे दौलतराव वारले. पोटी मुलगा नव्हता, म्हणून बाईंनी जनकोजीला दत्तक घेतलं आणि कारभार स्वतःकडे ठेवला. १८३३ च्या जुलैत फौज जनकोजीच्या बाजूने उठली आणि पन्नाशीला आलेल्या बाईंना इंग्रज रेसिडेंटाकडे आसरा मागावा लागला. पुढची कितीतरी वर्षं ग्वाल्हेरबाहेर गेली. दोष एकट्या मुलाचा नव्हता. राज्य सोडायला त्याही तयार नव्हत्या. पण घराबाहेर पडलेल्या आईने दाद मागायची कुठे? रेसिडेंटाची मर्जी हाच कायदा होता.

सामान्य घरातल्या म्हातारीला तर तोही नव्हता. चार वडीलधारे मुलाला समजावत, नाहीतर ती लेकीच्या दारी जाई.

१८९८ च्या फौजदारी संहितेने पोटगी दिली ती बायकोमुलांना. १९५६ च्या हिंदू कायद्याने आईवडिलांनाही हक्क दिला, पण दिवाणी दाव्याचा निकाल हाती येईपर्यंत माणूस उरतो का? फौजदारी संहितेत आईवडील आले ते थेट १९७३ साली, कलम १२५ मध्ये.

खरा आधार २००७ च्या, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्याचा. मध्य प्रदेशात तो २००८ पासून लागू आहे. अर्ज एसडीएमकडे करायचा, वकील लागत नाही. निर्वाहभत्ता महिन्याला दहा हजारांपर्यंत मिळतो. आणि कलम २३: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळवता येते.

ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांचे असे अर्ज मी लिहून देते. एक काकू दानपत्र घेऊन आल्या. त्यात लिहिलं होतं, ‘प्रेमापोटी देत आहे’. सांभाळण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मुलाने हाकलल्यावर हीच उणीव आडवी येते.

छतरपूरच्या एका आईने मात्र २०१९ मध्ये दानपत्र केलं, त्याच तारखेचं मुलाचं वचनपत्रही होतं. एसडीएम, कलेक्टर आणि हायकोर्टाचे एक न्यायाधीश तिच्या बाजूने गेले. खंडपीठाने ते उलटवलं. २ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दानपत्र रद्द ठरवून घराचा ताबा तिला परत दिला.

मारहाण झाली, तर आईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलाविरुद्ध संरक्षण आदेश मागता येतो. वडिलांना तो कायदा लागू नाही. ही उणीव भरून निघायलाच हवी.

तोवर माझं एवढंच मागणं आहे: घर मुलाच्या नावावर करताना कागदावर सांभाळण्याची अट लिहून घ्या. त्याने मुलावरचा विश्वास कमी होत नाही, आणि उद्या एसडीएमसमोर उभं राहायची वेळ आली तर तीच ओळ तुमच्या बाजूने बोलते.