नोकियाने लावलेली पाटी

नोकियाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "त्यांना टचस्क्रीन कळलाच नाही." अहो, असं नाही. नोकिया ७७० हा टचस्क्रीनवाला, लिनक्सवर चालणारा टॅबलेट २००५ मध्येच बाजारात होता, आयफोनच्याही आधी. (त्यावरून फोन लावता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी!) घोळ होता सॉफ्टवेअरचा, आणि त्याहून मोठा, नको तेव्हा बोलण्याचा.

सिम्बियन ही मेमरी महाग होती त्या काळातली सिस्टीम. साधी स्ट्रिंग वापरायची तर डिस्क्रिप्टरचे पाच-सहा प्रकार, वर क्लीनअप स्टॅक आपणच सांभाळायचा. एकदा त्यातून गेलेला प्रोग्रामर पुन्हा हौसेने तिकडे फिरकत नसे. नोकियाला हे कळत होतं. म्हणून २००८ मध्ये ट्रोलटेक कंपनी विकत घेऊन त्यांनी क्यूटी आणलं. आज सिम्बियनसाठी लिहा, तोच कोड उद्या मीगोवर न्या. उशिरा सुचलेलं, पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं शहाणपण.

सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून स्टीफन एलॉप सीईओ म्हणून आले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र फुटलं: आपण जळत्या प्लॅटफॉर्मवर उभे आहोत. त्याच आठवड्यात, ११ तारखेला जाहीर केलं, यापुढे विंडोज फोन. क्यूटी त्यावर नाही.

विंडोज बरोबर की चूक यावर भांडता येईल. पण पहिला ल्युमिया दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. म्हणजे नऊ महिने दाराला पाटी, 'हा माल आम्ही बंद करतोय', आणि आत विकायला तोच माल! घेणार कोण? २०११ च्या पहिल्या तिमाहीत २.४२ कोटी स्मार्टफोन गेले होते, दुसऱ्या तिमाहीत १.६७ कोटी.

मला वाईट वाटतं ते मीगोवाल्यांचं. त्यांचा एन९ जून २०११ मध्ये दाखवला. समोर एकही बटण नाही, नुसतं बोट सरकवायचं. परीक्षणं लिहिणारे खूश झाले, आणि कंपनीने तो अमेरिकेत, ब्रिटनमध्ये विकायलाच काढला नाही. रिलीजच्या आधीच प्रोजेक्ट मारलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना जास्त सांगायला नको.

जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केलं. तोवर विकलेल्या ल्युमियांवर ते चालणार नव्हतं. पुन्हा तीच पाटी, फक्त या वेळी पाहुण्याने लावलेली. एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला.

क्यूटी मात्र नोकियाने २०१२ मध्येच डिजियाला विकून टाकलं होतं. ते आजही मजेत आहे, गाड्यांच्या डॅशबोर्डवर वगैरे.