उस्टर : छत पडण्याआधीची १३ वर्षे

९ मे १९८५, गुरुवार. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचजवळचे उस्टर शहर. रात्री सव्वाआठनंतर तिथल्या बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत पोहणाऱ्यांवर कोसळले. १२ जणांचा मृत्यू झाला. त्या रात्री भूकंप झाला नव्हता, स्फोटही झाला नव्हता. हा घटनाक्रम १३ वर्षे आधी सुरू होतो.

१३ वर्षे आधी : १९७२

तलाव लोकांसाठी खुला होतो. इमारतीच्या छपराखाली काँक्रीटचे दुसरे छत टांगलेले आहे. ते स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २०० गजांनी पेलून धरले आहे. छप्पर आणि टांगते छत यांच्यामध्ये पोकळी आहे. खाली पोहणाऱ्यांना गज दिसत नाहीत.

गजांचे पोलाद क्रोमियम आणि निकेलचे, स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांना वापरतात त्याच जातीचे. तलावात ओलावा असतो, साधे लोखंड गंजेल, हे गंजणार नाही, असा हिशेब.

पहिला इशारा इथेच होता. क्लोराइड आणि ताण एकत्र आले की हे पोलाद तडकते, हे रासायनिक कारखान्यांतल्या अभियंत्यांना तेव्हाही माहीत होते. पण त्यासाठी ५० ते ६० अंशांची उष्णता लागते, असा समज होता. तलावाच्या हॉलमध्ये हवा ३० अंशांच्या आसपास असते. म्हणून हा धोका तलावांच्या यादीत आला नाही.

साडेअकरा वर्षे आधी : ऑक्टोबर १९७३

तेलाचे भाव भडकतात. युरोपात थंडीच्या दिवसांत बाहेरची हवा आत घेऊन तापवणे महाग होते. बंदिस्त तलाव चालवणारे एक सोपा उपाय करू लागतात : ताजी हवा कमी घ्यायची, आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवायची. इंधन वाचते. पाण्यातून सुटलेले वायू मात्र आतच राहतात.

दरम्यान : रोजचे २४ तास

अशा कोणत्याही तलावाचा एक दिवस घेऊ. लांबी २५ मीटर, रुंदी साडेबारा मीटर. पाणी २८ अंश, हवा ३० अंश, आर्द्रता ६० टक्के.

*सकाळी ६.* फरशी पाण्याने धुतली जाते. पाण्यातला क्लोरीन मोजून नोंदवहीत लिहिला जातो. छतावरचे गज कोणी धूत नाही. तिथे नोंदवहीही नाही.

*सकाळी १०.* तलावात गर्दी आहे. ताशी सुमारे ५५ लिटर पाण्याची वाफ होऊन हवेत जाते. डीह्युमिडिफायर ही हवा थंड कॉइलवरून ओढतो, पाणी गाळून ड्रेनमधून बाहेर सोडतो आणि कोरडी झालेली हवा पुन्हा तापवून हॉलमध्ये पाठवतो. दिवसरात्र धरून त्याला सुमारे १,००० लिटर पाणी काढावे लागते. फिल्टर तुंबला, कॉइलच्या पात्यांवर मळ बसला किंवा ड्रेन चोंदला, तर यंत्राचा आवाज तोच राहतो, काम कमी होते. आर्द्रतेचा सेन्सर कोरड्या हवेच्या झरोक्याशेजारी बसवलेला असेल, तर आकडा नेहमी चांगलाच दिसतो.

*दुपारी ४.* घाम आणि लघवीतला युरिया क्लोरीनशी संयोग पावतो आणि क्लोरामाइन तयार होतात. त्यातले ट्रायक्लोरामाइन हवेत उडते. तलावावर येतो तो उग्र वास मुख्यतः याचाच. डीह्युमिडिफायर पाणी काढतो, हा वायू काढत नाही. त्यासाठी ताजी हवा आत आणि जुनी बाहेर जावी लागते. ताज्या हवेची झडप, म्हणजे डॅम्पर, बंद असेल, तर वायू साचतो आणि आतल्या धातूवर क्लोराइडचा थर धरू लागतो.

*रात्री १०.* तलाव बंद होतो. विजेचे बिल वाचवायला यंत्र थांबवले जाते. पाण्यावर आच्छादन नाही. हवा ३० वरून २६ अंशांवर येते, पाणी मात्र २८ वरच असते. पाण्यापेक्षा हवा थंड झाली की वाफ उलट वाढते. याच ६० टक्के आर्द्रतेला ती सुमारे ४० टक्के जास्त होते. हॉलमधली आर्द्रता चढत जाते.

*पहाटे ३.* ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २१ अंश असतो. आता हवा त्याहून दमट झाली आहे. छपराजवळचा थंड धातू ओला होतो. सकाळी यंत्र सुरू झाल्यावर तो सुकतो. पाणी जाते, क्षार राहतात. दुसऱ्या रात्री पुन्हा ओल, पुन्हा क्षार.

आणि सगळे क्षार सारखे नसतात. साधे मीठ हवेतून पाणी ओढू लागते ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची क्लोराइडे ३३ टक्क्यांच्या आसपासच ओली होतात. म्हणजे आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांवर नीट राखलेल्या हॉलमध्येही, एकदा हा थर बसला की, गजावर तीव्र क्लोराइडचा पातळ ओलावा २४ तास टिकू शकतो. नुसते आर्द्रतेचे आकडे पाहणाऱ्याला हे कळत नाही.

१९७२ ते १९८५ : पोकळीत

गज सतत ताणाखाली आहेत, कारण छताचे वजन रात्रीही उतरत नाही. ताण, क्लोराइड आणि तडकणारे पोलाद, तिन्ही एकत्र आली आहेत. ३० अंशांना हे होत नाही, असे सर्वांनी धरले होते. ते होते आहे.

तडा पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खळग्यातून सुरू होतो आणि पोलादाच्या कणांना छेदत आत जातो. गज झिजत नाही, बारीक होत नाही. वरून फार तर तपकिरी डाग दिसतो. असा डाग पुसून टाकण्याची पद्धत असते. तो भार पेलणाऱ्या भागावर असेल, तर ती शेवटची सूचना ठरू शकते.

एक गज निकामी झाला की त्याचा भार शेजारच्या गजांवर जातो. छत जागेवरच राहते. खालून काहीच बदललेले दिसत नाही. शेजारच्या गजांवरचा ताण मात्र वाढलेला असतो, आणि ताण वाढला की तडा पुढे सरकतो.

९ मे १९८५, संध्याकाळ

छताचे वजन १९७२ मध्ये होते तेवढेच आहे. ते पेलणाऱ्या धडधाकट गजांची संख्या तेवढी राहिलेली नाही. पाण्यात माणसे आहेत.

रात्री सव्वाआठनंतर

उरलेल्या गजांना भार पेलवत नाही. छत खाली येते.

१२ मृत. अनेक जखमी.

त्यानंतर

तपासात गजांचे तुटलेले तुकडे पाहिले गेले. ताण आणि क्लोराइड यांमुळे आलेले तडे हे कारण निघाले. ५०-६० अंशांचा समज तिथे संपला. पुढे प्रत्यक्ष तलावांच्या हवेत वेगवेगळ्या जातींचे पोलाद ठेवून चाचण्या झाल्या. बंदिस्त तलावात वर टांगलेल्या, भार पेलणाऱ्या आणि नियमित धुतल्या न जाणाऱ्या भागांसाठी नेहमीचे ३०४ आणि ३१६ जातींचे स्टेनलेस स्टील अयोग्य ठरले. युरोपच्या मानकांनी त्या जागी सहा टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम असलेले पोलाद सुचवले.

१६ वर्षांनंतर : २००१

नेदरलँड्समधल्या स्टीनवाइकच्या तलावाचे टांगते छत कोसळले. कोणी जखमी झाले नाही. कारण उस्टरचेच होते. त्या देशात तलावचालकांना इशारे दिले गेले.

२६ वर्षांनंतर : १ नोव्हेंबर २०११

नेदरलँड्समधलेच टिलबर्ग. तलावाच्या छताला टांगलेले ध्वनिक्षेपक खाली पडले. एका तान्ह्या बाळाचा मृत्यू झाला, आई जखमी झाली. ध्वनिक्षेपक पेलणारे स्टेनलेस स्टील तलावाच्या हवेने खाल्ले होते. तोपर्यंत उस्टरचा तपास जगभरच्या अभियंत्यांना उपलब्ध होता.

आज

बंदिस्त तलाव चालवणाऱ्यांनी पाण्याइतकीच हवेची नोंद ठेवली पाहिजे. हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश उष्ण हवी. आर्द्रता ५० ते ६० टक्के हवी, आणि ती हॉलमध्ये दोन-तीन ठिकाणी मोजलेली हवी. डीह्युमिडिफायर रात्रीही चालू ठेवावा, तलाव बंद असताना पाण्यावर आच्छादन घालावे. फिल्टर, कॉइल आणि ड्रेन यांची तपासणी तारखेनिशी लिहावी. ताज्या हवेचा डॅम्पर वीज वाचवण्यासाठी बंद करू नये, कारण क्लोरामाइन बाहेर काढायला दुसरा मार्ग नाही.

आणि वर्षातून निदान एकदा छताचे पॅनेल काढून टॉर्च घेऊन वर जावे. छत, दिवे, ध्वनिक्षेपक आणि हवेच्या नळ्या कशाला टांगल्या आहेत, ते पाहावे. पोलादाची जात कागदावर सापडत नसेल, तर तुकडा प्रयोगशाळेत द्यावा. पोलाद ३०४ किंवा ३१६ निघाले आणि त्या भागावर भार असेल, तर डाग दिसण्याची वाट न पाहता तो भाग बदलावा. तोपर्यंत खालचा तलाव बंद ठेवावा.