'पंच' शब्दाची तीन घराणी

दोन कुळांचे आडनाव एक असले म्हणून ती एकाच मूळ पुरुषाची ठरत नाहीत, हा व्यवहारातील साधा नियम शब्दांच्या बाबतीत मात्र आपण सहज विसरतो. मराठीतील 'नाव' हाच शब्द पाहावा. माणसाचे नाव संस्कृत 'नामन्'पासून आले; पाण्यावरची नाव 'नौ'पासून आली. जुन्या लेखनात पहिल्यावर अनुस्वार देऊन हा भेद डोळ्यांपुढे ठेवीत. तो अनुस्वार गेला आणि दोन्ही शब्द दिसण्यात एकरूप झाले. होडीस नाव ठेवतात म्हणून तिला नाव म्हणतात, अशी व्युत्पत्ती कोणी सांगू लागल्यास आपण हसू. परंतु परभाषेतील एखादा शब्द आपल्या शब्दासारखा ऐकू आला की हेच हसे विद्वत्तेच्या वेषात सभांतून मिरविते, आणि श्रोते अभिमानाने टाळ्या देतात. अशा मोहाची परीक्षा पाहण्यास इंग्रजीतील 'पंच' हा शब्द फार सोयीचा आहे. कारण तो देवनागरीत लिहिला की थेट आपलाच होऊन बसतो.

इंग्रजीत या एका उच्चाराचे किती अर्थ आहेत! ठोसा म्हणजे पंच. कागदाला किंवा पत्र्याला भोक पाडण्याचे हत्यार म्हणजे पंच. लिंबू, साखर व मद्य यांचे मिश्र पेय म्हणजे पंच. लाकडी बाहुल्यांच्या खेळातील बाकदार नाकाचा भांडखोर विदूषक तोही पंच. आणि सफोक परगण्यातील आखूड पायांच्या, भरदार अंगाच्या घोड्यालाही पंचच म्हणतात. कोशकार हे सारे एकाखाली एक मांडतात, पण ही एका घरची माणसे नव्हेत. आमच्या मते येथे निदान तीन निराळी घराणी एका छपराखाली नांदत आहेत.

पहिले घराणे ठोशाचे व हत्याराचे. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये टोचण्याच्या हत्याराचे नाव व टोचणे, ठसा उमटविणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ते इंग्रजीत उतरले. इंग्रजीतील 'पॉइंट' व 'पंक्चर' हे याच मुळाचे वंशज. आधी टोचणे, मग ढोसणे आणि सोळाव्या शतकात मुठीने मारणे, असा अर्थाचा प्रवास झाला. मूठ पाच बोटांची, सबब हा शब्द आपल्या 'पंच'वरून निघाला, असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. पण त्याची वंशावळ रोमकडे जाते, काशीकडे नव्हे.

दुसरे घराणे विदूषकाचे. नेपल्सच्या लोकनाट्यातील पुल्चिनेल्ला नावाच्या पात्राचा मुखवटा पक्ष्याच्या चोचीसारख्या नाकाचा असे. त्यावरून इटालियन भाषेतील 'कोंबडीचे पिल्लू' या अर्थाच्या शब्दाशी या नावाचा संबंध जोडतात. हा खेळ इंग्लंडात गेला. ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तो पाहिल्याची नोंद सॅम्युअल पेपीसने आपल्या दैनंदिनीत केली आहे. नाव प्रथम 'पंचिनेलो' झाले, मग नुसते 'पंच' उरले. पुढे १६६९ साली हाच पेपीस लिहितो, की गरीब वस्तीतील माणसे आपल्या गुटगुटीत मुलाला पंच म्हणताना त्याने ऐकले, आणि आखूड व जाड अशा कोणत्याही वस्तूस हा शब्द आता सर्रास लावतात. सफोकच्या घोड्याचे नाव या अर्थाशी जुळते, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

तिसरे घराणे पेयाचे, आणि येथे आपला देश खरोखरच येतो. या पेयाचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना उल्लेख १६३२ सालच्या एका पत्रात आहे; ते ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने कोरोमंडल किनाऱ्यावरील पेटापोली येथील आपल्या स्नेह्यास लिहिले होते. पुढे कंपनीचा शस्त्रवैद्य जॉन फ्रायर हा १६७२ साली निघून हिंदुस्थानात आला. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो सांगतो, की गोव्याकडील नेरूल येथे उत्तम अरक निघते, तिच्यापासून इंग्रज लोक हे पेय करतात, आणि पाच जिन्नस असल्यामुळे हिंदुस्थानी भाषेतील पाचाच्या शब्दावरून त्यास हे नाव पडले. आपल्याकडे पंचामृत व पंचगव्य असता पाच जिन्नसांच्या पेयास 'पंच' म्हणावे यात नवल ते काय, असे वाटणे साहजिक आहे.

तथापि साक्षीदाराची उलटतपासणी केलीच पाहिजे. १६३८ च्या सुमारास सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याच पेयाचे जिन्नस देतो ते चारच : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर. फ्रेंच वैद्य बर्निए हाही चारच मोजतो : अरक, लिंबाचा रस, पाणी व जायफळ. दुसरी हरकत उच्चाराची. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीतील ऱ्हस्व 'यू' हा 'पुट' शब्दातल्यासारखा उच्चारीत. 'पंडित' व 'पंजाब' यांतील अकारासाठी तेच अक्षर वापरण्याची चाल पुढे उच्चार बदलल्यानंतरची. मांडेल्स्लो व बर्निए यांनी लिहिलेल्या रूपांतही उकार-ओकारच दिसतो. म्हणून काही कोशकार हे नाव 'पंचन' म्हणजे मोठे पिंप या खलाशांच्या शब्दाचे संक्षिप्त रूप असावे, असे सुचवितात. पेयाचे नाव हिंदुस्थानी असणे संभवनीय आहे, सिद्ध नाही. आणि जे संभवनीय आहे त्यास सिद्ध न म्हणणे हाच शास्त्राचा पहिला धडा होय.

ही घराणी वेगळी असली तरी त्यांचे शेजारधर्म मात्र झाले. १७ जुलै १८४१ रोजी लंडनमध्ये निघालेल्या विनोदी साप्ताहिकाने विदूषकाचे नाव घेतले; पण संपादकांपैकी एकाचे आडनाव लेमन असल्यामुळे, लिंबावाचून पंच कसला, अशी कोटी त्याच्या जन्मकथेत सांगतात. ते पत्र १९९२ साली बंद पडले, आणि पुनरुज्जीवनही २००२ पर्यंतच टिकले. त्याच्या धर्तीवर मुंबईत १८५४ साली 'पारसी पंच' व लखनौस १८७७ साली 'अवध पंच' निघाले. पहिल्याचेच पुढे 'हिंदी पंच' झाले, आणि त्यातील इंग्रजी विदूषक विठोबा-खंडोबांच्या पंगतीस बसेल असा 'पंचोबा' बनला. गावच्या न्यायनिवाड्याचे पंच ज्यांना परिचित, त्या वाचकांना हे नाव परके वाटले नसावे. शब्दांत रक्ताचे नाते नसले तरी सोयरीक जुळते, ती अशी.

आणि खरे नाते? ते आहे, पण जेथे कान शोधतो तेथे नाही. पितृ व फादर, पाद व फुट यांत आपला पकार इंग्रजीत फकार झालेला दिसतो. त्याच नियमाने आपला 'पंच' व त्यांचा 'फाइव्ह' हे सख्खे भाऊ आहेत. ग्रीक 'पेंते' हा त्यांचा तिसरा भाऊ. फ्रायरने या पेयाची तुलना वैद्यांच्या 'डायापेंते' नामक पाच औषधींच्या योगाशी केली होती. दोन्ही नावांतील पाच एकाच मुळाचे आहेत, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. ज्यांचे आवाज जुळतात ते परके निघावे, आणि ज्यांचे मुळीच जुळत नाहीत ते एका उदरातील ठरावे, ही भाषाशास्त्राची शिकवण आहे. स्वभाषेचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु तो केवळ कानाच्या साक्षीवर उभारू नये. तपासून सिद्ध झालेले नाते एकच असले तरी ते ऐकीव नात्यांच्या शंभर गोष्टींहून अधिक मोलाचे आहे.