पत्राची मिती आणि पोंचल्याची मिती

जुनीं मराठी पत्रें प्रथमच वाचावयास घेणाऱ्या माणसाची एका गोष्टीनें मोठी निराशा होते. पत्रांत तिथि असते, किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. साल मात्र बहुधा नसतें. लिहिणारास व वाचणारास तें ठाऊकच होतें, मग कागदावर कशाला? पुढें दीडशें वर्षांनीं कोणी परका माणूस आपला खासगी कागद उलगडील, ही कल्पना त्यांस कोठून असणार!

असे कागद उलगडण्यांत ज्यांनीं आयुष्य वेचलें, ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यांत निवर्तले, आणि त्यांचा संग्रह जतन करण्यासाठीं १९२७ सालीं तेथेंच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. पानिपतच्या काळच्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्याची प्रस्तावना पुष्कळांनीं वाचली. तिच्यांतील तडाखे वाचावयास गोडच आहेत. पण मला त्यांच्या कामाचा मोठेपणा वाटतो तो सालें लावण्यांत. एका पत्रांतील पावसाच्या उल्लेखावरून दुसऱ्याचा महिना ठरवावयाचा, आणि तिसऱ्यांतील मुक्कामाच्या गांवावरून पहिल्या दोहोंचें साल, असा तो उद्योग आहे.

तथापि या कागदांवर आणखी एक लहानशी खूण सांपडते, आणि आज तिच्याविषयींच बोलावयाचें आहे. पत्र हातीं पडलें कीं कारकून त्यावर ‘पै॥’ असें लिहून चंद्र घालीत असे. पै॥ म्हणजे पैवस्ती, अर्थात् पोंचल्याची नोंद. एकाच कागदावर दोन मित्या झाल्या. त्यांची वजाबाकी केली म्हणजे पत्रास वाटेंत किती दिवस लागले, तें कळतें. पुणें आणि हिंदुस्थान यांच्यामधील बरीचशी टपाल आपल्या खानदेशांतूनच जाई. तापी उतरावी, बऱ्हाणपूर व असीरगड मागें टाकावे, नर्मदेचा उतार गांठावा. जासूद पायीं धांवत, सांडणीस्वार उंटावरून जात. आणि नद्यांना पूर आला कीं दोघेही सारखेच काठावर बसत.

ही वजाबाकी न करतां इतिहास वाचला तर केवढा अन्याय होतो, हें १७६० सालच्या पत्रांवरून दिसतें. सदाशिवरावभाऊ उत्तरेंत उतरले तेव्हां त्यांस यमुना ओलांडून दुआबांत जावयाचें होतें. इटाव्याकडे नावा जमवाव्या, पैका पाठवावा, असें ते गोविंदपंत बुंदेल्यास पुनःपुन्हा लिहीत होते. आज तीं पत्रें ओळीनें छापलेलीं वाचतांना वाटतें कीं गोविंदपंत कानाडोळा करीत आहे. त्याचा कांहीं दोष असेल, नाहीं असें नाहीं. पण हुकूम येऊन पोंचेपर्यंत यमुनेचें पाणी चढत होतें. पत्र लिहिणाराची नदी निराळी व वाचणाराची नदी निराळी!

पुढें ऑगस्टांत भाऊंनीं दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा सर केला. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि भाऊंचें सैन्य व दिल्ली यांच्या मधें येऊन बसला. येथपासून दक्षिणेकडे येणारा पत्रांचा ओघ आटूं लागला. वाट कापली गेली होती. डिसेंबरांत गोविंदपंतही मारला गेला. पेशवे नानासाहेबांवर दिरंगाईचा आरोप सर्रास केला जातो. तो करणारानें आधीं निरनिराळीं दोन टिपणें करावीं: पानिपतावर कोणत्या दिवशीं काय झालें, आणि तें पेशव्यांस कोणत्या दिवशीं कळलें. आरोप कदाचित् तरीही उरेल. पण तो कोणत्या दिवसापासून लावावयाचा, तें ठरेल.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच झाला असें मात्र नव्हे. इंग्लंड व अमेरिका यांचा तह युरोपांत गेंट येथें २४ डिसेंबर १८१४ रोजीं झाला, आणि ८ जानेवारी १८१५ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें त्यांचींच सैन्यें एकमेकांशीं लढलीं. समुद्रापलीकडे बातमी पोंचली नव्हती.

पानिपतचा संग्राम पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्या वेळीं नानासाहेब नर्मदा ओलांडून उत्तरेकडे निघाले होते. २४ तारखेच्या सुमारास भेलशाजवळ एका सावकाराचा जासूद त्यांच्या माणसांच्या हातीं लागला. त्याच्याजवळच्या पत्रांत मोत्यें, मोहरा, रुपये व तांब्याचीं नाणीं बुडाल्याची व्यापारी भाषा होती, आणि पेशव्यांस तिचा अर्थ सांगावा लागला नाहीं. चारशेंहून अधिक मैल, दहा दिवस. म्हणजे रोज चाळीस मैलांची धांव. राज्याची बातमी राज्याच्या धन्यास सावकाराच्या टपालांतून कळावी, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. मला वाटत नाहीं. बातमी एक दिवस आधीं मिळाली तर हुंडी वांचते, हें सावकारास पक्कें ठाऊक होतें, आणि चांगल्या जासुदाचा अजुरा द्यावयास तो कुरकुरत नसे.

त्या दहा दिवसांत पेशवे ज्या फौजेच्या मदतीस मजल दरमजल चालले होते, ती फौज उरलीच नव्हती. ते तेथून परतले, आणि त्याच वर्षीं २३ जून रोजीं पुण्यास वारले.