गाडीच्या पुढून खट्खट् आवाज येतोय? शॉकअप बदलण्याआधी हे तपासून घ्या

चुडावा (ता. पूर्णा) : पावसाळा सरला की परिसरातल्या बऱ्याच चारचाकी गाड्यांची एकच तक्रार असते. खड्ड्यात चाक गेलं की पुढून खट्खट् आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. मग अंदाजाने आधी शॉकअप बदलले जातात, नंतर बुश. हजारो रुपये जातात आणि आवाज तसाच राहतो. खरं तर तासाभराच्या तपासणीत दोष बहुतेक वेळा सापडतो. त्यातले काही दोष जिवावर बेतणारे असतात, म्हणून आवाजाकडे दुर्लक्षही करू नये.

आपल्या भागात हा त्रास जास्त का?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिच्यावरचा रस्ता दबतो, लाटेसारखा होतो. शेतरस्त्यावरचा चिखल चाकाच्या आत जाऊन वाळतो. जॉइंटवरचं रबरी कव्हर एकदा फाटलं की आतलं ग्रीस निघून जातं, माती शिरते आणि जॉइंट झिजून ढिला पडतो.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक लहान गाड्यांपर्यंत पुढची रचना साधारण एकच आहे. तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र उभे असतात, खाली लोअर आर्म आणि बॉल जॉइंट, बाजूला स्टेअरिंगचा टाय रॉड. यातला कोणताही सांधा ढिला झाला तरी आत बसणाऱ्याला आवाज सारखाच वाटतो.

आधी बिनखर्चाची तपासणी

जॅक, पाना, स्टेपनी, डिकीतलं सामान काढून गाडी चालवून बघावी. मागचा आवाजही कधी कधी पुढून आल्यासारखा वाटतो. चाकाचे नट, बॅटरीची पट्टी, बोनेटचं लॉक, नंबर प्लेट आणि चाकावरचं आतलं प्लास्टिक हाताने हलवून पाहावं. नुकतंच काही काम केलं असेल आणि आवाज त्यानंतर सुरू झाला असेल, तर आधी त्याच कामाचे नट-बोल्ट तपासावेत.

आवाज कधी येतो, ते लिहून ठेवा

• हळू चालताना, बारीक खड्ड्यांवर सतत खट्खट् : लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश. लिंक रॉड सगळ्याच गाड्यांना नसतो.
• गतिरोधकावर एकच मोठा ठोका : शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंटिंग.
• उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ‘टण्ण’ : स्ट्रटचं वरचं बेअरिंग किंवा तुटलेली स्प्रिंग.
• पूर्ण वळण घेऊन चालताना कट्कट् : एक्सलचा जॉइंट.
• ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्स घेताना एक ठोका : आर्मचा बुश किंवा ढिले ब्रेक पॅड.
• खड्ड्यात ब्रेक हलका दाबल्यावर आवाज बंद होतो : कॅलिपर किंवा पॅडचा संशय.

एकाने गाडी भिंतीच्या कडेने हळू चालवावी आणि दुसऱ्याने खिडकी उघडी ठेवून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करावा. मिस्त्रीला तो ऐकवला तर अर्धं काम सोपं होतं.

दोघांनी मिळून करायची तपासणी

सपाट जागेवर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दगड लावलेले असावेत. स्टेअरिंगचं लॉक उघडून एकाने ते थोडंसंच डावं-उजवं हलवावं. दुसऱ्याने बाजूने टाय रॉड एंडवर बोटं ठेवावीत. ठोका बोटांना जाणवतो. बोटं फटीत घालू नयेत.

मग बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडावा. गाडी दोन-तीनदा वरखाली झाली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर शॉकअप गेलेला समजावा. पण या तपासणीत शॉकअप चांगला निघाला, तरी त्याचं माउंटिंग ढिलं असू शकतं.

चाक उचलून पाहायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा ठेवावा. गाडीखाली शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवावं. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावं. ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंटचा संशय धरावा. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवल्यावर ढिलाई दिसली, तर टाय रॉड एंड बघावा. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, तिथे आधार त्या आर्मखाली द्यावा लागतो. नाहीतर बॉल जॉइंटवर ताण राहतो आणि ढिलाई लपते. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

लिंक रॉडचा संशय असेल तर मिस्त्री दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून बार बांधून ठेवतो आणि गाडी गल्लीत हळू फिरवून बघतो. आवाज बंद झाला तर दोष सापडला, नवा पार्ट त्यानंतर घ्यायचा.

गाडी जागेवरच थांबवा

बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं. टाय रॉड एंड सुटला तर स्टेअरिंग फिरवूनही चाक वळत नाही. आवाजाबरोबर स्टेअरिंग एका बाजूला ओढत असेल, ते मोकळं वाटत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर ती गाडी घेऊन पूर्णा किंवा नांदेडला जायचा धोका पत्करू नये. रात्रीअपरात्री पेशंट घेऊन जायची वेळ कोणावरही येते, तेव्हा गाडी आधीच ठीक असलेली बरी. मिस्त्रीला घरी बोलवावं किंवा गाडी उचलून न्यावी.

काम करून घेताना

शॉकअप दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. आर्मचा बुश बदलला तर त्याचा बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळावा. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर पिळून लवकर फाटतं. टाय रॉड, आर्म किंवा स्ट्रट उघडल्यावर अलाइनमेंट करावी. जुना पार्ट मागून घ्यावा आणि हलवून बघावा.

गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल मारू नये, त्याने रबर फुगून खराब होतं. ऑइल मारल्यावर आवाज चार दिवस थांबला, तरी दोष गेलेला नसतो. त्याऐवजी चिखलातून आल्यावर खालून पाणी मारावं आणि महिन्यातून एकदा टॉर्च लावून रबरी कव्हर बघावेत. फाटलेलं कव्हर वेळेत दिसलं तर जॉइंट वाचू शकतो.